केमिस्ट्रीची पदवी हातात आहे, अर्ज चालू आहेत, उत्तर येत नाही: नेमकं अडतंय कुठे?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी कशाचं उत्तर देतेय ते स्पष्ट होईल. रसायनशास्त्राची पदवी झाली, मार्क चांगले आहेत. गेले काही महिने दिसेल त्या जागेला अर्ज करताय. बहुतेक ठिकाणांहून उत्तरच नाही, आणि जिथून येतं तिथे ‘अनुभव हवा’ म्हणून विषय संपतो. एका ठिकाणी मुलाखतीपर्यंत पोचलात, पण बायोडेटातल्या ‘एचपीएलसी’ (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) या शब्दावर समोरच्यांनी दोन प्रश्न विचारले आणि तुम्ही अडकलात. आता पदव्युत्तर शिक्षण घ्यावं, एखादा कोर्स करावा, की असेच अर्ज टाकत राहावं, हे कळत नाहीये.

मी औषधांच्या क्वालिटी कंट्रोल (क्यूसी) लॅबमध्ये बरीच वर्षं आहे. आधी स्वतः सँपल तपासायचे, आता लॅब सांभाळते, आणि नवी मुलं निवडणं हा त्या कामाचाच भाग आहे. म्हणजे माझं बोलणं टेबलाच्या पलीकडच्या बाजूचं आहे, आणि तेही एका क्षेत्रातलं. भौतिकशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र घेतलेल्यांना यातलं अर्धंमुर्धंच लागू पडेल. शिवाय तुम्ही राहता तिथून जवळ लॅब किती आहेत, बाहेरगावी जाऊन राहणं जमणार आहे का, घरी पगाराची घाई किती आहे, यावर बरंच काही ठरतं. ते मला माहीत नाही. त्यामुळे जिथे उत्तर परिस्थितीप्रमाणे बदलतं तिथे तसं सांगेन.

‘अनुभव नाही’ ही मला तुमची खरी अडचण वाटत नाही. नुकतीच पदवी घेतलेल्या कोणाकडेच तो नसतो, तरी घेतले जातात ते त्यांच्यातलेच. अडचण अशी की तुमचा अर्ज वाचून तुम्ही काय शिकलात ते कळतं, तुमच्या हातून काय झालंय ते कळत नाही. आणि आम्हाला हवं असतं ते दुसरं.

कुठल्याही लॅबमधून शेवटी बाहेर पडतो तो एक आकडा. गोळीत औषध ९९.२ टक्के आहे, पाण्यात लोह अमुक पीपीएम (दहा लाखांत किती भाग) आहे, तेलात पाणी तमुक आहे. त्या आकड्याच्या भरवशावर बॅच बाजारात जाते किंवा अडकते. मी मुलाखत घेते तेव्हा माझ्या डोक्यात एकच हिशेब चालू असतो: या व्यक्तीने काढलेल्या आकड्याखाली मला सही करता येईल का? हुशारी, मार्क, आत्मविश्वास, इंग्रजी हे सगळं त्याच्या मागून. बायोडेटा कसा लिहायचा, कुठे अर्ज करायचा, मुलाखतीत काय बोलायचं, कोर्स घ्यायचा की नाही, या सगळ्याची उत्तरं मी याच प्रश्नावरून देणार आहे.

बायोडेटापासून सुरू करू. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ-नऊ बायोडेटांत एक ओळ असतेच: ‘टायट्रेशन, यूव्ही स्पेक्ट्रोस्कोपी, क्रोमॅटोग्राफी यांचे ज्ञान’. ही ओळ अभ्यासक्रमात छापलेली आहे, तुमच्याबद्दल ती काहीच सांगत नाही. तिच्या जागी असं काही लिहून बघा: ‘पाण्यातील लोहाचे मापन, १,१०-फेनँथ्रोलीन पद्धत, ५१० नॅनोमीटर; १ ते ५ पीपीएमची पाच स्टँडर्ड द्रावणे स्वतः तयार केली, आलेख काढला, अज्ञात नमुना तीनदा मोजला.’ जागा जवळपास तेवढीच लागली. पण ही ओळ वाचल्यावर मला कळतं की तुम्ही फ्लास्क भरलाय, पिपेट धरलंय, एकच वाचन घेऊन थांबला नाहीत. वर मला प्रश्न विचारायला जागा मिळते: हायड्रॉक्सिलअमाइन कशासाठी घातलं? तुम्ही म्हणाल, फेरिकचं फेरस करायला, कारण तो नारिंगी-लाल रंग फेनँथ्रोलीन फेरसबरोबर देतं. झालं, मुलाखत तुमच्या मैदानात आली. म्हणजे बायोडेटा लिहितानाच पुढे कोणते प्रश्न यावेत हे तुम्ही थोडंफार ठरवू शकता, आणि हे फारसं कोणी करत नाही.

तीन वर्षांच्या प्रॅक्टिकल वह्या काढून बसा. असे चार-पाच प्रयोग निवडा जे तुम्ही खरोखर स्वतः केलेत आणि ज्यांचं ‘का’ तुम्हाला सांगता येतं. बाकीचे सोडून द्या. गटात केलेल्या प्रोजेक्टमध्ये तुमचा वाटा कोणता होता तोच लिहा. ‘आम्ही केलं’ हे वाक्य मुलाखतीत पाचव्या मिनिटाला उलगडतं. एक पान पुरतं. ध्येयवाक्य, छंद, वडिलांचा व्यवसाय यांना त्या पानावर काम नाही.

आता तुमच्या एचपीएलसीच्या ओळीकडे. बऱ्याच कॉलेजांत यंत्र एक आणि मुलं पन्नास असतात. सर इंजेक्शन मारून दाखवतात, पडद्यावर पीक येतो, सगळे वहीत उतरवतात. त्यात तुमचा दोष काहीच नाही. पण तेवढ्यावर ‘एचपीएलसीवर काम केले’ असं लिहिलंत की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मोबाइल फेज (यंत्रातून वाहणारं द्रावण) कसा बनवला, आणि काम झाल्यावर कॉलम (घटक वेगळे करणारी नळी) कसा धुतला? ज्याने खरंच काम केलंय त्याला हे आठवावंही लागत नाही. बफरचा पीएच सेंद्रिय द्रावक मिसळण्याआधी बघायचा, मोबाइल फेज ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचा, त्यातली हवा काढायची. फॉस्फेट बफर चालू असताना एकदम निव्वळ ॲसिटोनायट्राइल सोडायचं नाही, क्षार आतच बाहेर पडतो आणि प्रेशर चढतं; आधी बफर नसलेलं, जास्त पाण्याचं मिश्रण, मग द्रावक. ज्याने फक्त बघितलंय तो ‘मिथेनॉलने धुतला’ म्हणून मोकळा होतो.

मग लिहायचं काय? ‘एचपीएलसीचे प्रात्यक्षिक पाहिले; तत्त्व, क्रोमॅटोग्राम व सिस्टिम सुटेबिलिटी समजते.’ (शेवटचं म्हणजे यंत्र मोजणीसाठी नीट चालतंय ना, याची तपासणी.) लाज वाटण्यासारखं यात काही नाही. मला तर असं लिहिणारा माणूस चटकन आवडतो, कारण जे केलं नाही ते केलं नाही असं कागदावर लिहायची त्याची तयारी आहे. लॅबमध्ये मला नेमकी हीच सवय लागते. यंत्र मी शिकवू शकते, ही सवय शिकवायला फार अवघड जातं.

‘एक ते दोन वर्षं अनुभव’ मागणाऱ्या जाहिरातींबद्दल. त्यामागची कारणं वेगवेगळी असतात. कधी खरंच सोमवारपासून काम उचलणारा माणूस हवा असतो, शिकवायला कोणी मोकळं नसतं. तिथे तुमचा अर्ज वाया जाणार. कधी ती ओळ जुन्या जाहिरातीतून तशीच आलेली असते. ओळखायची खूण अशी: जाहिरातीत ‘मेथड व्हॅलिडेशन’, ‘ऑडिटला सामोरे जाणे’, ‘टीम सांभाळणे’ असं असेल तर सोडा. ‘रोजच्या चाचण्या, नमुन्यांच्या नोंदी, द्रावणं तयार करणे’ असं असेल तर एक वर्ष मागितलेलं असलं तरी अर्ज करा. आमच्या क्षेत्रात अनुभवी माणसालासुद्धा आल्याआल्या सँपल देत नाहीत. आधी कार्यपद्धती वाचायच्या, मग प्रशिक्षण, मग आधीच पात्र ठरलेल्या अ‍ॅनालिस्टने तपासलेलाच नमुना त्यालाही देऊन आकडे जुळतात का ते बघायचं, आणि मगच स्वतंत्र काम. त्यामुळे नवखा आणि अनुभवी यांच्यातलं अंतर जाहिरातीत दिसतं तेवढं मोठं नसतं.

शोधताना ‘केमिस्ट’ एवढाच शब्द टाकत असाल तर निम्म्या जागा तुम्हाला दिसतच नसतील. ‘क्यूसी अ‍ॅनालिस्ट’, ‘अ‍ॅनालिटिकल ट्रेनी’, ‘लॅब असिस्टंट’, ‘लॅब टेक्निशियन’, ‘सँपल मॅनेजमेंट’, ‘स्टॅबिलिटी’ अशी नावं वापरून बघा. त्याहून चांगली युक्ती म्हणजे यंत्राच्या किंवा चाचणीच्या नावाने शोधणं: कार्ल फिशर, डिसोल्यूशन, गॅस क्रोमॅटोग्राफी, टायट्रेशन. पदाला कोणी काहीही नाव देवो, कामाच्या वर्णनात यंत्राचं नाव येतंच.

नवख्या माणसासाठी मला वैयक्तिकरीत्या सर्वांत चांगली वाटते ती जागा म्हणजे इतरांचे नमुने तपासून देणारी स्वतंत्र टेस्टिंग लॅब. अशा बऱ्याच लॅब आयएसओ/आयईसी १७०२५ या मानकाप्रमाणे चालतात, २०१७ ची आवृत्ती सध्या लागू आहे. पगार मोठ्या कंपनीपेक्षा बहुधा कमी, धावपळ जास्त, आणि वेळेचं गणित अनेकदा बिघडतं. पण सकाळी पाणी, दुपारी खत, संध्याकाळी मसाला असं हाताखालून जातं, आणि दोन वर्षांत जितकी यंत्रं हाताळायला मिळतात तितकी मोठ्या कारखान्यात पाच वर्षांत मिळत नाहीत. मोठ्या औषध कंपनीत उलट असतं: काम अरुंद, शिस्त कडक, नोंदींची सवय आयुष्यभर पुरेल अशी लागते. घरी पैशांची तातडी असेल तर दुसरं, नसेल तर पहिलं, असं मी ढोबळमानाने सांगेन. संशोधन विभागात थेट पदवीवर घेणारे थोडे, तिथे पदव्युत्तर किंवा त्याहून पुढचे लोक रांगेत असतात.

लॅबच्या बाहेरही रस्ते आहेत: उत्पादन, गुणवत्ता हमीतलं कागदपत्रांचं काम, नोंदणीची कागदपत्रं तयार करणारा रेग्युलेटरी विभाग, यंत्र विकणाऱ्या कंपन्यांमधलं विक्री आणि सर्व्हिसचं काम. शेवटच्याकडे रसायनशास्त्राची मुलं उगाच नाक मुरडतात. यंत्र दुरुस्त करायला जो माणूस आमच्याकडे येतो त्याला एचपीएलसीचं पोट आमच्यापेक्षा जास्त कळतं, आणि महिन्याला तो पाच-पंचवीस लॅब आतून बघतो. बोलायची आवड आणि प्रवासाची तयारी असेल तर जरूर बघा.

मुलाखतीवर थोडं रेंगाळते, कारण एकदा पोचलात तेव्हा तुमचं तिथे अडलं. नव्या माणसाला मी अवघड प्रश्न विचारतच नाही. माझा एक आवडता प्रश्न आहे: ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड कसं बनवाल? बहुतेक जण ‘लिटरला ४ ग्रॅम’ म्हणतात. बरोबर. मग मी विचारते, हे ४ ग्रॅम मी अगदी काटेकोर तोलले तर द्रावण नेमकं ०.१ नॉर्मल होईल का? इथे खरी मुलाखत सुरू होते. सोडियम हायड्रॉक्साइड हवेतलं पाणी ओढतं, कार्बन डायऑक्साइड ओढतं, त्यामुळे तोललेल्या ४ ग्रॅममध्ये नेमकं हायड्रॉक्साइड किती हे तराजू सांगू शकत नाही. म्हणून पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटने त्याचं स्टँडर्डायझेशन करायचं, म्हणजे त्याची खरी तीव्रता मोजून ठरवायची. थॅलेट शुद्ध मिळतं, हवेत ओलं होत नाही, आणि त्याचा रेणूभार मोठा आहे, २०४.२२.

पुढचा प्रश्न: थॅलेट किती तोलाल? ‘वहीत ०.४ ग्रॅम लिहिलंय’ हे उत्तर ऐकलं की मी विचारते, ०.०४ का नको? रसायन वाचेल की. हिशेब करून बघा. ०.४०८४ ग्रॅम म्हणजे २ मिलिमोल, त्याला ०.१ नॉर्मलचे २० मिली लागतात. ब्युरेट वाचताना हाता-डोळ्याची चूक ०.०५ मिली धरली तर २० मिलीत ती पाव टक्का झाली. दहावा भाग तोललात तर ब्युरेट उतरेल २ मिली, आणि तीच ०.०५ मिलीची चूक अडीच टक्क्यांवर जाईल. औषधाची मर्यादा कित्येकदा ९८ ते १०२ टक्के असते. अडीच टक्के चुकणाऱ्या द्रावणाने तिथे काय तपासणार? कॉलेजात पहिल्या वर्षी सगळे हा प्रयोग करतात. पण ०.४ हा आकडा आला कुठून, याचा विचार केलेला उमेदवार भेटला की मी मनातल्या मनात त्याच्या नावापुढे खूण करून टाकते. उत्तर लगेच आलं नाही आणि त्याने कागद ओढून हिशेब मांडायला घेतला, तरी चालतं. किंबहुना तेच जास्त आवडतं.

अशाच एक-दोन गोष्टी पक्क्या करून जा. १००० पीपीएमच्या द्रावणापासून १०० मिली १० पीपीएम कसं कराल, कोणतं पिपेट घ्याल? फिनॉल्फथॅलीनच का, मिथाइल ऑरेंज का नको? गुलाबी रंग अर्ध्या मिनिटाने फिकट का होतो? सगळं तुमच्याच वहीत आहे.

दुसरा प्रश्न स्वभावाचा असतो: तुमचा निकाल मर्यादेबाहेर आला, काय कराल? दहापैकी सात जण म्हणतात, ‘परत करून बघेन.’ कॉलेजात हेच शिकवलेलं असतं, कारण तिथे बरोबर उत्तर आधीच माहीत असतं आणि तिथपर्यंत पोचायचं असतं. लॅबमध्ये ते कोणालाच माहीत नसतं. अमेरिकेत १९९३ साली एका औषध कंपनीच्या खटल्यात न्यायालयाने याच गोष्टीवर बोट ठेवलं होतं: निकाल पास होईपर्यंत पुन्हा पुन्हा तपासत राहणं म्हणजे तपासणी नव्हे. पुढे २००६ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, मर्यादेबाहेरच्या निकालांची चौकशी कशी करावी यावर मार्गदर्शिका काढली. नवख्याकडून ती तोंडपाठ असण्याची अपेक्षा नसते. ‘द्रावणं फेकणार नाही, तशीच ठेवेन, वरिष्ठांना लगेच सांगेन, हिशेब आणि वजनं पुन्हा बघेन, आणि ते म्हणतील तेव्हाच पुढचं करेन’ एवढं म्हणालात तर पुरे. पहिला आकडा तुम्ही लपवणार नाही, एवढी खात्री मला हवी असते.

नोंदींचा प्रश्नही असाच. वाचन कधी लिहायचं? घेतलं त्या क्षणी, शाईने, मूळ वहीत. चुकलं तर एक रेघ मारून, खालचं दिसेल असं, सही आणि तारीख. आमच्याकडे याला ‘अल्कोआ’ असं अद्याक्षरी नाव आहे. अर्थ एवढाच की नोंद कोणी केली ते कळावं, ती वाचता यावी, त्याच वेळी केलेली असावी, मूळ असावी आणि अचूक असावी. मुलाखतीत हा शब्द फेकून भाव खाऊ नका. वहीबद्दल विचारलं तर तुमच्या उत्तरातून तो अर्थ दिसू दे.

आतापर्यंतचं गोळा करायचं तर: वहीतून खरे प्रयोग बाहेर काढा, जे केलं तेवढंच लिहा, कामाच्या वर्णनावरून जागा शोधा, आणि प्रत्येक प्रयोगातल्या आकड्याचं ‘का’ तयार ठेवा. उरलेले प्रश्न कोर्सचे आणि पुढच्या शिक्षणाचे.

कोर्सबद्दल माझं मत जरा तिखट आहे. प्रमाणपत्र बघून मी आजवर कोणाला घेतलेलं नाही, आणि ते नाही म्हणून कोणाला नाकारलेलंही नाही. फी भरण्याआधी एकच गोष्ट विचारा: यंत्रामागे विद्यार्थी किती, आणि मला स्वतः मोबाइल फेज बनवून, इंजेक्शन मारून, शेवटी कॉलम धुऊन यंत्र बंद करायला मिळेल का? उत्तर गोलमोल आलं तर पैसे वाचवा. नोकरीची हमी देणारे आणि नोकरीसाठी अनामत मागणारे यांच्या तर वाटेलाही जाऊ नका. फुकट वाचण्यासारखं भरपूर आहे. औषधांच्या नियमांचा जागतिक मेळ घालणाऱ्या आयसीएच या संस्थेच्या मार्गदर्शिका कोणालाही उघड्या आहेत. त्यातली क्यू२, म्हणजे पद्धत भरवशाची आहे हे कसं दाखवायचं ती, २०२३ मध्ये नव्याने आली आहे. पहिल्या वाचनात अर्धी कळणार नाही. अचूकता, पुनरावृत्ती, रेषीयता, किमान मोजता येणारी मात्रा एवढ्या कल्पना तुमच्या लोहाच्या प्रयोगाला लावून बघितल्यात तरी बाकी उमेदवारांपेक्षा तुमचं बोलणं वेगळं वाटेल.

पदव्युत्तर शिक्षण घ्यावं का? मन संशोधनात, संश्लेषणात किंवा शिकवण्यात असेल तर घ्या, तिथे त्याला पर्याय नाही आणि उशीर करण्यातही अर्थ नाही. पण नोकरी मिळत नाही म्हणून घेणार असाल तर सावध. दोन वर्षांनी तुम्ही याच खुर्चीत बसाल, पदवी एक जास्त असेल, आणि समोरचा हाच प्रश्न विचारेल: हातून काय झालंय? मधला मार्गही आहे. वर्षभर लॅबमध्ये काम केल्यावर कोणता विषय घ्यायचा हे फार स्पष्ट होतं. माझ्याकडे असताना विश्लेषणात रस वाटू लागला म्हणून पुढे त्याच विषयात शिकायला गेलेले लोक मी पाहिलेत आणि ते तिथे चमकलेत. उलट बाजूही सांगायला हवी. पगार सुरू झाला की परत बाकावर बसणं सगळ्यांना जमत नाही, घरच्यांनाही ते पटत नाही. तुम्ही यातले कोण हे तुम्हीच ओळखा.

तुमच्या प्रश्नाच्या शेवटी एक वाक्य होतं: ‘क्यूसीत गेलो तर विज्ञान सुटेल का?’ रोज तीच चाचणी करून कंटाळा येतो हे खरं आहे, लपवणार नाही. पण कारखान्यातली लॅब म्हणजे दुय्यम विज्ञान, हा समज मात्र काढून टाका. तुम्ही रोज वापरता ती पीएचची मोजपट्टी सोरेनसेन यांनी १९०९ मध्ये मांडली, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत. ती एका बिअर कारखान्याने काढलेली होती. अन्नातली प्रथिनं मोजायला आजही वापरतात ती केल्डाल पद्धत त्याच लॅबमधली, १८८३ ची. विल्यम गॉसेट रसायनशास्त्र आणि गणित शिकून १८९९ मध्ये डब्लिनला गिनेसच्या कारखान्यात नोकरीला लागले. थोड्याच वाचनांवरून काढलेल्या सरासरीवर भरवसा किती ठेवायचा, हा त्यांना कामात पडलेला प्रश्न. त्यावर त्यांनी १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लेख लिहिला, आणि संख्याशास्त्रातली टी-चाचणी त्यातून आली. तिघेही बिअरवाले निघाले हा योगायोग मला फार आवडतो. त्यांच्यासमोर रोजचेच नमुने होते.

अर्जांचा हिशेब ठेवत नसाल तर आजपासून ठेवा. तारीख, जागा, पदाचं नाव, बायोडेटाची कोणती आवृत्ती पाठवली, पुढे काय झालं. दोन-तीन आठवड्यांनी वही उघडलीत की दुखणं कुठे आहे ते दिसतं. बोलावणंच येत नसेल तर अडचण कागदात किंवा जागांच्या निवडीत आहे. बोलावतात पण घेत नाहीत, तर उत्तरांत. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि तुम्ही सध्या पहिल्यावर अडकून दुसऱ्याचा उपाय, म्हणजे आणखी शिक्षण, शोधताय असं मला वाटतं.

ओळखीचा विषय काढायला अनेकांना संकोच वाटतो. नोकरी मागू नका, कामाबद्दल विचारा. तुमच्या कॉलेजातून पुढे गेलेल्या कोणाला तरी असा निरोप पाठवा: ‘ताई, मी आपल्याच विभागातून या वर्षी पास झालोय. तुम्ही टेस्टिंग लॅबमध्ये आहात असं कळलं. नवीन माणसाला पहिले सहा महिने तिथे काय काम देतात, एवढं सांगाल का?’ अशा निरोपाला लोक आनंदाने उत्तर देतात, आणि जागा निघाली की तुमचं नाव त्यांना आपोआप आठवतं. कॉलेजच्या लॅब असिस्टंटलाही विसरू नका. कोण कुठे लागलंय हे प्राध्यापकांपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं.

शेवटचं, मुलाखत बरी झाली आणि ‘तुम्हाला काही विचारायचंय का’ असं म्हणाले, तर पगाराच्या आधी दोन गोष्टी विचारा: पहिल्या सहा महिन्यांत मला कोण शिकवणार, आणि लॅब बघता येईल का? गोपनीयतेमुळे सगळीकडे दाखवत नाहीत, ते समजून घ्या. दाखवली तर यंत्रांच्या झगमगाटाकडे फार बघू नका, तराजूजवळ जरा थांबा. तिथे बसलेला माणूस वजन थेट वहीत लिहितोय, की सुट्या कागदावर टिपून नंतर उतरवणार आहे? सुटे कागद दिसले तर पगार जास्त असला तरी मी तिथे जाणार नाही. पहिल्या वर्षी लागलेली ती सवय पुढच्या चांगल्या लॅबला मुलाखतीतच कळते.